माळ्यावरची मुडी

बबनचा फोन आला तेव्हा मी आसनगावच्या घरात वर्षाच्या तांदळाला बोरिक पावडर चोळत बसले होते. कोपरापर्यंत हात पांढरे. मान वाकडी करून फोन खांद्यात धरला, तर पलीकडून आधी नुसती कसल्या तरी मशीनची घरघर आली आणि मग धाकट्या भावाचा आवाज.

"ताय, आजच्या आज ये. यमुना जुन्या घरात जाऊन बसलीय. भायेर येत नाय."

"भांडलात का रे?"

"भांडान नाय. घर कधी बी बसंल, आन ही आत चूल पेटवून बसलीय. माजं आयकत नाय. तुजं आयकंल."

यमुना त्याची बायको. लग्न होऊन आली तेव्हापासून तिनं माझंच काय, कुणाचंच कधी ऐकलेलं नाही, आणि हे बबनला पक्कं ठाऊक आहे. तरी तो मला बोलावत होता, म्हणजे पाणी गळ्याशी आलं असणार. मी हात धुतले, तांदूळ परातीत तसाच झाकला आणि निघाले.

डोळखांबला उतरून पुढे पाड्यापर्यंत जीप मिळाली. वैशाख सरत आला होता. राब, म्हणजे भाताच्या रोपांच्या जागा, भाजून झाले होते. खाचराखाचरांत राखेचे काळे चौकोन पेरणीची वाट बघत पडले होते. आभाळ पश्चिमेकडून भरून येत होतं आणि मधूनच असा वारा सुटायचा की झाडांची पानं उलटी होऊन फिकट दिसायची. हा वारा मला लहानपणापासून आवडत नाही. हा कौलं मोजायला येतो, असं आय म्हणायची, आणि मोजताना दोन-चार खाली पाडल्याशिवाय काही जात नाही.

पाड्याच्या टोकाला आमची दोन घरं शेजारी शेजारी उभी आहेत. एक नवं, घरकुलातलं, स्लॅबचं. दुसरं जुनं, कारवीच्या कुडाचं. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या आणि दोन्ही अंगांनी माती-शेण लिंपायचं, की झाला कुड; छप्पर पेलायला लाकडाच्या मेढी. त्या घरात मी जन्मले, बबन जन्मला, आणि त्यातूनच मी नवरी होऊन बाहेर पडले. जुन्या घराच्या खालच्या अंगाला आता कुणाच्या तरी फार्महाऊसचा रस्ता होतोय. त्यासाठी उतार कापलाय, आणि कापत कापत जेसीबी आमच्या बांधापर्यंत आलाय. जुन्या घराच्या अंगणाला लांबच लांब भेग पडली होती. मी खाली बसून हात घातला तर बोटं आत गेली. आत माती गार होती.

घर त्या भेगेकडे कललं होतं. शेजारच्या माणसाचं बोलणं नीट ऐकू येत नसलं की आपण जसं कलतो, तसं.

बबन दोन घरांच्या मधे उभा होता. आत जावं तर बायको ओरडते आणि बाहेर थांबावं तर जीव राहत नाही, असा. "मदली मेढ वाळवीनं खाल्लीय, ताय. वरनं उभी दिसते, पन हात मारला का पोकळ वाजते. खालच्या पाड्यात असंच एक घर बसलं, गाय गेली त्यात. मशीनवाल्याला सांगितलाय, हितलं काम आज संपतंय, जाताना आपलं घर पाडून दे म्हनून. दिवस कलला का येल तो. त्याच्या आदी हिला भायेर काढ."

"ती काय म्हणते?"

"म्हनते, मुडी हाय वर."

"मग मुडी काढून घ्या ना."

"तेच तर. काढू बी देत नाय."

मुडी म्हणजे आमच्याकडे बियाण्याचं भात. पेंढ्याच्या वेढ्यात गच्च बांधलेलं, भोपळ्यासारखं गोल, चुलीवरच्या माळ्याला धुरात टांगलेलं. त्यात असायचं ते तांबड्या तांदळाचं भात. त्याला नाव असेलही काही. आमच्या घरात त्याला नुसतं तांबडं म्हणत. त्याची पेज प्यायली की दुपारपर्यंत भूक लागत नसे. त्याची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहायची. ते उंच वाढायचं, वाऱ्यात लोळायचं, उशिरा पिकायचं, आणि शहापूरच्या बाजारात त्याला कुणी विचारत नसे. ते आमच्यापुरतंच होतं.

दारातून वाकून आत गेले. ते दार मला कायम वाकायला लावायचं. मी वाढले, ते वाढलं नाही. आत पाऊल टाकलं मात्र, आणि तो वास आला. लाकडाचा धूर, शेणी, सुकट, शिजलेली मोहाची फुलं, आणि या सगळ्याच्या खाली जुन्या पेंढ्याचा एक गोडसर वास. माझ्या लग्नातल्या साडीलाही हा वास होता. सासूबाईंनी ती साडी पुन्हा पुन्हा उन्हात टाकली, तरी गेला नाही. शेवटी त्यांनी नाद सोडला. आज इतक्या वर्षांनी त्या वासात उभी राहिले आणि तिथून हलावंसंच वाटेना, हे कबूल करायला मला लाज नाही. भीतीही तितकीच वाटत होती, कारण डोक्यावरचं आढं मला स्पष्ट तिरकं दिसत होतं.

यमुना चुलीपुढं बसली होती. तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. "बसा, ताय. मेढीला पाठ लावू नका तेवढी."

मी मेढीपासून लांब, जात्याच्या जुन्या जागेवर बसले. वर पाहिलं. माळ्याच्या बांबूंना काजळी धरून ते काळेभोर चकचकत होते. केवढं काय काय असायचं तिथं. मक्याची कणसं, नाचणीची कणसं, बियांसाठी राखलेला दुधी, कांद्यांच्या माळा, परडीत सुकट. काकडीच्या बिया शेणात कालवून आय भिंतीला थापायची. पावसाळ्याच्या तोंडाशी ते थापटं उकलायचं आणि बिया जशाच्या तशा. मी अंगानं हडकुळी, म्हणून माळ्यावर चढायचं काम माझं. वर गेलं की डोळ्यांतून पाणी यायचं, खोकला यायचा, आणि खालून आय ओरडायची, "डोळं मिटून हात फिरव गो. तुला काय वाचायचं हाय का तिथं?" मी डोळे मिटून हात फिरवायचे. कणसं खरखरीत, दुधी गुळगुळीत. मुडी कायम किंचित उबदार लागायची. माळ्यावर किडा नावाला नसायचा. धुराच्या घरात राहायची हिंमत त्याच्यात नव्हती, आमच्यात होती.

वैशाखात कणगी तळाला लागायची. मग कंद उकडायचे, मोहाची फुलं शिजवायची, नाचणीची आंबील पातळ पातळ होत जायची. भुकेनं बबन कुरकुरायचा आणि आय त्याला कुर्डूच्या गेल्या सालच्या भाजीच्या गोष्टी सांगायची. आणि हे सगळं चालायचं ते त्या मुडीच्या खाली बसून. आमच्या डोक्यावर भात टांगलेलं होतं, पेंढ्याच्या एका वेढ्याआड, आणि कुणी मान वर करून बघत नसे. तसं कुणी शिकवलेलंही आठवत नाही. देव्हाऱ्यातला नारळ फोडून खायचा विचार जसा मनात येत नाही, तसंच ते होतं.

"मागच्या वर्साचं काय झालं ते म्हायती ना तुमाला?" यमुनानं चुलीत लाकूड सारलं.

मला माहिती होतं. नवं घर झालं तेव्हा सगळा बाडबिस्तरा तिकडं गेला. मुडी कुठं टांगायची, असा प्रश्न आला. नव्या स्वयंपाकघरात स्लॅबला पंख्याचा हूक होता, पंखा आणायचा राहिला होता. बबननं मुडी त्या हुकाला टांगली. खाली गॅसची शेगडी. चुलीवर टांगायची असते ना, मग ही बघा बरोबर चुलीवर! आल्यागेल्यानं कौतुक केलं. मीही केलं, इतकी छान दिसत होती ती पांढऱ्या छताखाली. गॅसला धूर नसतो, हे आम्हा सगळ्यांना माहिती होतं, आणि तरी ते कुणाच्या डोक्यात आलं नाही. चैत्रात स्लॅब तापला. तव्यासारखा तापतो तो, संध्याकाळपर्यंत हात लावता येत नाही. पेरणीला मुडी सोडली तर आत पीठ आणि टोके. जे दाणे धड दिसत होते तेही पेरून पाहिले. राबाची राख धुऊन गेली, पण हिरवं काही वर आलं नाही. मग दुकानातलं पिशवीबंद बी आणलं. ते आलं, चांगलं आलं, पण त्याचं बी पुन्हा धरायचं नसतं, दर साली नवी पिशवी.

"माज्या म्हायेरी आत्याकडं एवढंसं उरलं व्हतं," यमुनानं ओंजळ दाखवली. तिचं माहेर मुरबाडच्या अंगाला, टोकावड्याच्या पुढं. "तेवडं आनलं. वरच्या लहान्या खाचरात लावलं. रोज जाऊन पाखरं हाकलली. त्याचं हे एवडं झालं." तिनं हनुवटीनं वर दाखवलं. "आत्या तर गेली औंदा. तिची पोरं कल्याणला. आता हे सोडून कुटं नाय."

म्हणून ती दिवाळीपासून रोज सकाळ-संध्याकाळ या पडक्या घरात येऊन चूल पेटवत होती. शेजारी गॅसवर स्वयंपाक, आणि इथं नुसता धूर.

बाहेरून बबनची हाक आली. "ताय, झालं का बोलून?"

"हो रे, जरा दम धर."

तेवढ्यात वारा आला. कौलं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत खडखडली. मेढीतून आवाज आला. कुणीतरी दाताखाली सुपारी फोडावी तसा. वरून मातीची बारीक भुकटी पडली, चुलीत चरचरली, माझ्या केसांत बसली. मी उठले, यमुनाचा दंड धरला. ती जागची हलली नाही. मला तिचा राग आला. असा राग, की एक ठेवून द्यावीशी वाटली. "मेलीस तर बी कोण पेरणार?" मी म्हणाले.

"जरा थांबा. परवा मूठभर भिजवलंय. आज उगडायचं." चुलीच्या कडेला, उबेत, पळसाच्या पानांचं गाठोडं ठेवलेलं होतं, वर दगड. "मोड आला तर बी जित्तं. नाय आला तर तुमी म्हनाल तसं. मंग पाडा घर."

म्हणजे हे होतं तर. ती बियाण्याच्या उशाशी बसली होती, तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसावं तशी. मग मीही बसले.

पानांच्या पुडक्याकडे बघत बसलं की वेळ जात नाही, मन मात्र भलतीकडे जातं. समोरच्या कुडावरचं लिंपण निघालं होतं आणि आतली कारवी दिसत होती, उभ्या काठ्या, आडव्या बांधणीनं धरलेल्या. ती बांधणी बाच्या हातची. कारवी सात वर्षांनी फुलते. त्या वर्षी आमच्या डोंगराचा सगळा उतार जांभळा व्हायचा आणि मधमाश्यांचा एवढा आवाज व्हायचा की बा म्हणायचा, डोंगर गुणगुणतोय. मग ती कारवी बी टाकून वाळायची. वाळली की पाडा तोडायला जायचा. वाकड्या-सरळ काठ्या वेगळ्या करायच्या, मोळ्या डोक्यावर घेऊन उतरायचं, आणि मग सावड. आज आमचं घर, उद्या काळूदादाचं, परवा त्याच्या पलीकडच्याचं. जो आपल्याकडे आला त्याच्याकडे आपण जायचं, बस्स. मजुरी बिजुरी काही नाही. दुपारी पेज आणि सुकटीची चटणी, आणि चिडवाचिडवी. ज्याची बांधणी ढिली त्याच्या बायकोला म्हणायचे, तुझं लुगडंही असंच नेसवतो का गो हा?

आम्हा पोरींचं काम माती तुडवायचं. लाल माती, शेण, भाताचं तूस. गुडघ्यापर्यंत पाय बरबटायचे. तुसानं तळव्यांना गुदगुल्या व्हायच्या. लिंपण ओलं असताना घरभर पावसाळ्यासारखा वास भरून राहायचा, बाहेर कडक ऊन असलं तरी. आमचं घर दर काही वर्षांनी जुनं व्हायचं आणि पाडा येऊन ते नवं करून जायचा. हे मला तेव्हा कटकटीचं वाटायचं. मैत्रिणीच्या मामाचं शहापूरला विटांचं घर होतं, ते एकदा बांधलं की झालं. बाला मी म्हटलं होतं, आपण पण तसं बांधू ना. तो हसला नाही, रागावला नाही. म्हणाला, "मंग काळू कवा येल आपल्याकडं?"

पुढं एका वर्षी कारवी फुलली, वाळली, आणि कुणी तोडायला गेलं नाही. त्याच्या पुढच्या खेपेलाही नाही. का ते आता कुणाला विचारलं तर प्रत्येक जण वेगळं सांगेल. मी तेव्हा इथं नव्हतेच.

खालून येणारी घरघर थांबली होती. आता ती पुन्हा सुरू झाली, आणि जवळ जवळ येऊ लागली. जमीन थरथरत होती. चुलीवरच्या टोपातलं पाणी कापत होतं. वरून भुकटीची धार लागली. "यमुने, आता तरी उघड," मी म्हणाले.

तिनं दगड उचलला. पानं चिकटली होती, ती हळूच सोडवली. वाफ आली, आंबूस, बाळाच्या टाळूसारखा वास. आत दाणे एकमेकांना धरून बसले होते. मी चष्मा पुसला. मला काही दिसेना. यमुनानं एक दाणा नखावर घेऊन माझ्या डोळ्यांपुढं धरला. त्याच्या टोकाला पांढरा मोड आला होता, सुईच्या अग्राएवढा. मग तोच सगळ्या दाण्यांवर दिसायला लागला. एकूण एक. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ती धुराला शिव्या घालू लागली.

बबन दारात वाकून उभा होता. "आला का मोड?"

तिनं पान त्याच्यापुढं धरलं. त्यानं एक दाणा बोटावर घेऊन उजेडाकडं धरला. मागं जेसीबी अंगणाच्या अलीकडं येऊन थांबला होता, इंजिन चालूच. "बरं झालं," बबन म्हणाला. "आता काढ मुडी. पेरनीचं काम झालं ना? मंग चल."

"आन दिवाळीला नवं बी येल, ते कुटं ठेवू? हुकाला?"

बबनचा चेहरा उतरला. त्याला लागलं ते. त्या हुकाचं त्याला वर्षभर काय काय ऐकावं लागलं असेल, मला कल्पना आहे.

"मंग काय करू? हे घर ठेवू, आन तू मर यात?"

"ठेवू नको म्हनते मी. पाडू पन नको. सोडव."

माझ्या मनात ते आलंच नव्हतं. आणि ती तर रीतच होती. कुडाचं घर आमच्याकडं कधी पाडत नसत, सोडवत. कौलं उतरायची, वासे सोडवायचे, कुड उभाच्या उभा बांधणीतून मोकळा करायचा. बऱ्या मेढी, बरे वासे बाजूला. वाळवीनं खाल्लेलं चुलीत. भिंतीची जुनी माती राबाला. शेण-तुसाची, धुरानं मुरलेली ती माती, तिच्यावर रोपं अशी काळीभोर यायची. मशीन चाललं असतं तर या सगळ्याचा एक ढीग झाला असता आणि तो खालच्या रस्त्यात भरावाला गेला असता.

"परसात लहानसं खोपट बांदू," यमुना म्हणाली. "चूल आन माळा. बाकी कायपन नको."

जेसीबीचा ड्रायव्हर खाली उतरला. कोवळा, धुळीनं माखलेला पोरगा. "करना है कि नहीं, बोलो. हमको मुरबाड पहुँचना है, बारिश आएगी."

बबननं आभाळाकडं पाहिलं. घराकडं पाहिलं. त्याची मला कीव आली. एकीकडं एवढं मोठं लोखंड तयार उभं होतं, हां हां म्हणता काम उरकलं असतं. दुसरीकडं पोकळ मेढ, वारा, आणि दोन म्हाताऱ्या होत चाललेल्या बायका. तो ड्रायव्हरला म्हणाला, "जाव भाई." आणि लगेच माझ्याकडं वळून, जणू मीच हे घडवून आणलं असं, "आता उबी काय ऱ्हायलीस? काळूदादाला बोलव."

बोलवायला लागलं नाही. मशीनच्या आवाजानं पाडा तसाही बाहेर येऊन उभा होता. पाड्यावर आता माणसं तरी किती उरलीत! तरणी पोरं भिवंडीला गोदामात, शहापूरला दुकानांत, काही अजून वीटभट्टीवरून परतायची होती. जे होते ते आले. काळूदादा काठी टेकत आला, बाच्या वयाचा, बाबरोबर हेच कुड बांधलेला. आधी त्यांनी मधल्या मेढीला दोन्ही अंगांनी टेकू दिले. टेकू लावताना बबन आत होता, आणि मेढ पुन्हा एकदा वाजली. मी डोळे मिटून घेतले. मग कौलं. बबन वर, आम्ही बायका खाली रांगेनं, हातातून हातात. प्रत्येक कौल काळं, आतून चिकट. नेटानं वारा येत होता. एकदा अख्खं आढं सरकल्यासारखं झालं आणि सगळे जिथल्या तिथं थांबले. मग बबन म्हणाला, "द्या," आणि रांग पुन्हा हलली.

मुडी यमुनानं स्वतः उतरवली. तिला कुणी हात लावू दिला नाही.

खरा घोळ कुडापाशी झाला. बांधणी पळसाच्या मुळ्यांच्या दोरांची, वर्षानुवर्षं वाळलेली. कोयत्यानं तोडली असती तर काम पटकन झालं असतं. एकीनं तोडायला सुरुवातही केली. काळूदादा म्हणाला, "थांब गो. पुन्ना बांदायचं हाय ना? मंग गाठ बगू दे. माज्या ध्यानात नाय ती आता." आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. कुणाच्याच ध्यानात नव्हती. बांधणाऱ्यांतला तो शेवटचा, आणि त्याची बोटं थरथरत होती. मला वाटलं, संपलं. आता खोपट बांधायलाही कुणी नाही.

मग आम्ही पाणी शिंपडलं. दोर भिजले, मऊ झाले. यमुना, मी आणि काळूदादा गाठीला भिडलो. टोक कुठून निघालंय ते शोधायचं, एक वेढा मागं घ्यायचा, थांबायचं, बघायचं. पहिली गाठ अशीच चुकतमाकत सुटली. काही कळलं नाही. दुसरी जरा कळली. पुढच्या एका गाठीपाशी काळूदादाचे हात आपोआप चालायला लागले. सोडवलेली त्यानं पुन्हा बांधली, पुन्हा सोडवली, आणि बोळक्या तोंडानं हसला. "असं हाय व्हय हे. तुज्या बाची गाठ हाय ही. ही सोडवायलाच बांदलेली असते." त्यानं ती यमुनाच्या हातात दिली. तिनं बांधली. मग मी. माझी ढिली झाली, आणि मला वाटलं आता कुणीतरी लुगड्याचं म्हणेल. पण ते म्हणणारे कुणी राहिले नव्हते.

दिवस मावळायच्या आत घराचं घरपण उतरलं. कुड नव्या घराच्या भिंतीला टेकून उभे राहिले, वासे एकीकडं, मेढी एकीकडं. पोकळ मेढ सगळ्यात शेवटी, टेकूसकट, हळूच आडवी केली. ती पडली तेव्हा आवाज झाला नाही, नुसती धूळ उडाली. जिथं घर होतं तिथं आता एक चौकोन होता, आणि त्याच्या एका कोपऱ्यातून ती भेग गेली होती. बबननं पायानं चाचपलं. कडेची माती ढासळून खाली रस्त्यावर गेली. तिथं पुन्हा काही रोवणं शक्य नव्हतं.

यमुना चुलीतला विस्तव एका फुटक्या कौलात घेऊन उभी होती. तो कुठं ठेवायचा, ते कुणी ठरवलंच नव्हतं. ती नव्या घराच्या मागं गेली, आम्हीही मागोमाग गेलो. परसात सगळीकडं कोबा. बबननं हौसेनं करून घेतलेला, भिंतीपासून खाचराच्या बांधापर्यंत, गुळगुळीत, चिखल होऊ नये म्हणून. पुढं नव्या घराच्या अंगणातही तेच. मेढ रोवायला माती लागते, आणि आमच्या नावावर राहिलेल्या त्या तुकड्यावर खाचर आणि ती भेगेची जागा सोडली तर माती कुठंच उघडी नव्हती. काळूदादानं काठीचं टोक कोब्यावर ठकठक वाजवून पाहिलं. वीज चमकली. यमुनाच्या हातातल्या कौलाला धग लागत असणार, कारण ती ते सारखं या हातातून त्या हातात करत होती.

बबन घरात गेला. मला वाटलं पाणी प्यायला गेला असेल. तो पहार घेऊन आला. खाली बघत कोब्यावर इकडून तिकडं फिरला, एका जागी थांबला, आणि त्यानं पहार उचलून घातली. पहिल्या घावाला नुसता टवका उडाला. दुसऱ्याला चीर गेली.

"औंदाच केलास ना रे कोबा?" काळूदादा म्हणाला.

बबन घाव घालत राहिला. यमुना त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली, विस्तवावर फुंकर घालत. फुटलेल्या सिमेंटखाली ओलसर तांबडी माती दिसायला लागली तेव्हा ती वाकली आणि बघून म्हणाली, "अजून खोल घे."